गंज आणि श्वास : गोव्यातले पाच दिवस

पहिला दिवस, शुक्रवार : डिचोली

बेळगावहून निघालेली बस चोर्ला घाटात तासभर अडकली. पुढे एक ट्रक कलंडला होता. पाय मोकळे करायला खाली उतरले तर पाऊस नुकताच थांबलेला, आणि दरड, गटारातलं पाणी, ट्रकचे टायर, माझ्या चपला, सगळं लाल. गेली वीस वर्षं मी या वाटेने मावशीकडे येते आहे. शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे ‘माती लाल का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘लोहाचं ऑक्साइड’ असं फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. त्या दोन शब्दांतल्या दुसऱ्या शब्दाकडे मात्र कधी नीट पाहिलं नव्हतं. ऑक्साइड म्हणजे ऑक्सिजन. या वेळी पाच दिवस त्याच्याच मागावर राहायचं असं घरून ठरवून निघाले होते.

मावशीच्या घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. अंगणात पाऊल टाकणार तेवढ्यात आतून मावशी ओरडली, “सांभाळून गो! शेवाळ धरलंय, काल पोस्टमन पडला.”

काकांनी पस्तीस वर्षं खाणीवर नोकरी केली. २०१२ मध्ये गोव्यातलं खाणकाम बंद झालं, मग सुरू झालं, आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द होऊन पुन्हा थांबलं. काका त्याआधीच निवृत्त झाले होते. खाणीची त्यांच्याकडे उरलेली एकच वस्तू म्हणजे खिडकीत ठेवलेला तळहाताएवढा दगड. लहानपणापासून तो दगड पाहते आहे, पण या वेळी मागून घेतला आणि दिव्याखाली धरला.

हातात घेताच मनगट खाली जातं इतका जड. शुद्ध हेमॅटाइट पाण्याच्या पाचपट जड असतं. या दगडात पट्ट्या आहेत, एक काळसर, पोलादी चमक असलेली, तिच्यावर एक फिकट तांबूस, पुन्हा काळी, पुन्हा फिकट. काही बोटाच्या पेराएवढ्या जाड, काही केसाएवढ्या बारीक. काकांनी फुटकी फरशी आणली, तिच्या मागच्या खरबरीत बाजूवर दगडाची काळी कड ओढली. रेघ उठली ती रक्तासारखी लाल. “खनिज ओळखायची आमची पहिली परीक्षा ही,” काका म्हणाले. “वरून कितीही काळं दिसू दे, रेघ खोटं बोलत नाही.” हेमॅटाइट हे नावच मुळी रक्तासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलं आहे.

या पट्ट्या समुद्राच्या तळाशी साचल्या, अडीचशे कोटी वर्षांहूनही आधी. तेव्हाच्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हताच. ऑक्सिजन नसला की लोखंड पाण्यात मिठासारखं विरघळून राहू शकतं, आणि तेव्हाचे समुद्र अशा विरघळलेल्या लोखंडाने भरलेले होते. मग सूर्यप्रकाशावर जगणारे, डोळ्यांना न दिसणारे जीव आले. ते पाणी फोडून ऑक्सिजन सोडू लागले. तो ऑक्सिजन लोखंडाला भिडला, समुद्रच्या समुद्र गंजला आणि गंज तळाशी बसत गेला. मधल्या फिकट पट्ट्या गारेच्या, म्हणजे सिलिकाच्या. समुद्रातलं लोखंड असं गंजून गेल्यावरच, साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी, हवेत ऑक्सिजन शिल्लक राहू लागला. ज्या दगडाने डिचोलीला दोन पिढ्या पोसलं, मांडवीतून बार्जवर लादून जो परदेशी गेला, तो पृथ्वीने घेतलेल्या पहिल्या श्वासांचा गाळ आहे. मी हे बोलून दाखवलं तेव्हा काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आणि आम्ही तो टनावर मोजला.”

रात्री बॅटरी घेऊन मी अंगणात उकिडवी बसले. पोस्टमनला पाडणारं ते शेवाळ बोटाने खरवडलं. चिऱ्याच्या खाचेत काळपट हिरव्या जेलीसारखे गोळे होते. नॉस्टॉक त्यांचं नाव. जगात ऑक्सिजन आणणाऱ्या त्या नील-हरित जीवांचीच ही आजची भावंडं. उन्हाळाभर कागदासारखी सुकून पडतात आणि पहिल्या सरीला फुगून पुन्हा कामाला लागतात. सकाळी मावशी त्यांच्यावर ब्लीचिंग पावडर टाकणार होती. मी एक कोपरा राखून ठेवायला सांगितलं.

दुसरा दिवस, शनिवार : चोडण

सकाळ चिऱ्यांत गेली. शेजारी कुंपणाची भिंत चालली होती. खाणीतून नुकता कापून आणलेला चिरा मऊ असतो, कोयत्याच्या घावाने तासता येतो. हवा लागली की महिन्या-दोन महिन्यांत कडक होतो. गवंडी म्हणाले, “चिऱ्याला वारो लागूक जाय.” हवेत सुकताना त्यातल्या लोहसंयुगांमधलं पाणी जातं, त्यांचे स्फटिक एकमेकांत घट्ट अडकतात. फ्रान्सिस बुकानन या प्रवाशाने मलबारात हाच दगड पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून त्याला लॅटेराइट नाव दिलं. कोकणात तो जांभा. हजारो पावसाळ्यांनी खडकातलं विरघळण्यासारखं सगळं धुऊन नेलं, की जे लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे उरतं, त्याचा हा दगड.

दुपारी मावसभावाच्या, म्हणजे दादाच्या स्कूटरवर मागे बसून मयेवरून चोडणला गेलो. बेटाच्या टोकाला डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे, जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं. लोक पक्ष्यांसाठी येतात, मी चिखलासाठी आले होते. अमावास्या उद्यावर, म्हणजे उधाणाची भरती-ओहोटी. चार वाजता पाणी उतरू लागलं आणि तिवराच्या झाडांखालून शेकडो टोकं वर येऊ लागली, जणू कोणी चिखलात पेन्सिली खोचून ठेवल्या आहेत. ही तिवराची श्वसनमुळं. बाकीच्या झाडांची मुळं खाली जातात, ही आभाळाकडे वाढतात.

कारण खालचा चिखल गुदमरलेला आहे. वरचा बोटभर थर सोडला तर त्यात ऑक्सिजन नाही. मी काठीने जरा उकरलं तर काळा गाळ निघाला आणि सडक्या अंड्याचा भपकारा आला. हायड्रोजन सल्फाइड. तिथल्या जीवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही म्हणून ते सल्फेटवर गुजराण करतात, त्याचा हा वास. अशा जागी मुळांना जगायचं तर हवा वरूनच न्यावी लागते.

ती कशी नेली जाते हे मी इथे येण्याआधी वाचलं होतं, पण समोर पाहताना ते निराळंच वाटलं. या मुळांच्या सालीवर बारीक छिद्रं असतात आणि आत स्पंजासारख्या पोकळ्या. भरतीत मूळ बुडतं. छिद्रांतून हवा जाते-येते, पाणी शिरत नाही. बुडालेलं मूळ आतला ऑक्सिजन वापरत राहतं, तयार झालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून जातो, त्यामुळे आतला दाब कमी होत जातो. ओहोटीला टोक पाण्याबाहेर आलं की बाहेरची ताजी हवा आपोआप आत ओढली जाते. शोलँडर हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये हे मोजून दाखवलं. छिद्रं ग्रीस लावून बुजवली की खालच्या मुळांतला ऑक्सिजन घटत जातो. म्हणजे हे झाड दिवसातून दोनदा श्वास घेतं आणि त्याचा भाता चंद्र ओढतो. मी त्या पेन्सिलींकडे पाहत उभी होते, आणि खरं सांगते, त्या क्षणी चहूबाजूंनी शेकडो श्वास आत घेतले जात आहेत या जाणिवेने अंगावर काटा आला.

दादाने तिवराचं पान तोडून दिलं. “चाट.” खारट! पानाच्या पाठीवर मिठाचे कण होते. झाड खारं पाणी पितं आणि मीठ पानांवाटे बाहेर टाकतं.

मग निवट्या आल्या. बोटाएवढा मासा, डोळे डोक्यावर, पुढच्या परांवर रेटा देत चिखलात चालणारा. मासा असून पाण्याबाहेर तासन्तास राहतो. कल्ल्यांच्या कप्प्यात पाणी धरून ठेवतो आणि ओल्या कातडीतून, तोंडाच्या अस्तरातून हवेतला ऑक्सिजन घेतो. अंग वाळलं तर गुदमरेल, म्हणून मध्येच कुशीवर लोळून चिखल माखून घेतो. दादाला निवटीचं तिखलं आठवत होतं आणि तो ते लपवतही नव्हता.

परतताना बांधावर मानस पाहिली. खाजन शेतीची, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीची, ही लाकडी झडप. भरतीचं पाणी नदीकडून रेटतं तेव्हा ती मिटते आणि खारं पाणी शेतात येऊ देत नाही, ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते. ना मोटर, ना माणूस. गांवकऱ्यांनी शेकडो वर्षं ही व्यवस्था सांभाळली. बांध फुटला की दुरुस्त करायला आता माणसं जमत नाहीत असं तिथल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितलं, आणि बांधापलीकडे बोट दाखवलं. तिथे भाताऐवजी तिवरं उभी होती.

तिसरा दिवस, रविवार : सत्तरी

सर्वपित्री अमावास्या. दिवसभर पाऊस, आणि घरात पानं, वडे, खीर, कावळ्याची वाट. कावळा साडेबारापर्यंत आला नाही, त्यावर घरात बरीच चर्चा झाली.

खरं काम रात्रीचं होतं. वाळपईच्या पुढे दादाच्या मित्राचं कुळागर आहे, माडा-पोफळीचं, मागे रान. पावसाळ्यात तिथे कुजकी लाकडं उजळतात असं त्याने गेल्या वर्षी सांगितलं होतं. मावशीला हे अजिबात पसंत नव्हतं. “आज अमावास्या. आजच्या रात्री रानात जातात?” मी म्हटलं, “मावशी, चांदणं असलं तर दिसणारच नाही गं.” शेवटी काकांनी बाजू घेतली, आणि मावशीने आमच्या खिशांत लिंबू घालून निरोप दिला.

पहिली वीस मिनिटं काहीच दिसलं नाही. मोबाइलची बॅटरी लावत, चिखल चुकवत गेल्याने डोळे दिपलेले होते. माणसाच्या डोळ्यांना काळोखाची पुरती सवय व्हायला अर्धा तास लागतो. सगळे दिवे बंद करून आम्ही पोफळीच्या बुंध्याला टेकून बसलो. रातकिडे, टपटपणारं पाणी, आणि अंगावर चढणारे जळू.

आणि मग हळूहळू समोरची जमीन जागोजागी फिकट होऊ लागली. आधी वाटलं डोळ्यांना भास होतोय. नजर थेट रोखली की नाहीसं व्हायचं, जरा बाजूला पाहिलं की दिसायचं. अंधारात पाहणाऱ्या पेशी डोळ्याच्या मध्यावर नसतात, कडेला दाट असतात, म्हणून असं. मित्राने एक काटकी उचलून माझ्या तळहातावर ठेवली. मनगटाएवढी जाड, भिजून मऊ पडलेली, आणि तिची एक बाजू अख्खी उजळलेली. ऊब मुळीच नव्हती. उजेड इतका की हातावरच्या रेषा कळाव्यात. मला तो दुधट, राखाडी दिसला. दादाने मोबाइल दगडावर टेकवून अर्धा मिनिट फोटो उघडा ठेवला, तर फोटोत ती काटकी कैरीसारखी हिरवीगार. उजेड हिरवाच असतो, पण इतक्या मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत. कॅमेऱ्याला जे दिसतं ते आपल्याला कधीच दिसत नाही.

अशा चमकणाऱ्या बुरशींच्या शंभरहून जास्त जाती माहीत आहेत. लाकूड कुजवताना तिच्या पेशींत एक पदार्थ ऑक्सिजनशी जोडला जातो आणि त्या मोबदल्यात प्रकाश बाहेर पडतो. २०१८ मध्ये ही साखळी पुरती उलगडली, तेव्हा कळलं की तिची सुरुवात कॅफिक आम्लापासून होते, जे प्रत्येक झाडात असतंच. दोन वर्षांत संशोधकांनी बुरशीची जनुकं तंबाखूच्या रोपात घालून ते रोप उजळवून दाखवलं.

त्याहून मला आवडते ती जुनी गोष्ट. १६६० च्या दशकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइलने असंच चमकणारं लाकूड काचेच्या भांड्यात ठेवून आतली हवा पंपाने काढली. उजेड मालवला. हवा परत सोडली, उजेड परत आला. ऑक्सिजन हा शब्दसुद्धा तेव्हा नव्हता. प्रीस्टलीने तो वायू वेगळा केला १७७४ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनंतर. लाकडाला हवेतलं काहीतरी लागतं हे त्या उजेडाने आधीच सांगून टाकलं होतं.

काटकी होती तिथेच परत ठेवली. घरी आणली असती तर सुकून विझली असती. मावशी जागीच होती. मला काही बोलायची गरज पडली नाही. दादाने तिला फोटो दाखवला, तिने तो बोटांनी मोठा केला, पुन्हा लहान केला, आणि म्हणाली, “हे आमच्या रानात?”

चौथा दिवस, सोमवार : कांदोळी, दोना पावला

घटस्थापना. मावशीने परडीत शेतातली माती पसरली, तिच्यात धान्य पेरलं, माळ बांधली. मी नारळ सोलून दिले आणि अकराला दादाबरोबर निघाले.

कांदोळीच्या किनाऱ्यावर मोसम सुरू व्हायचा होता. शॅक उभे राहत होते, समुद्र मातकट, शांत. इथून दहाएक किलोमीटर आत समुद्रात एक ठरलेली जागा आहे, पंचवीसएक मीटर खोल. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले संशोधक १९९७ पासून तिथे जाऊन वेगवेगळ्या खोलीवरचं पाणी काढून आणतात. त्यांना जे सापडलं ते २००० साली प्रसिद्ध झालं, आणि ते वाचल्यापासून हा किनारा मला पूर्वीसारखा दिसत नाही.

अरबी समुद्रात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरपर्यंत असा एक जाडजूड थर आहे, ज्यात ऑक्सिजन अगदी नगण्य. जगातल्या सर्वांत मोठ्या अशा थरांपैकी तो एक. पावसाळ्यात किनाऱ्याजवळचे प्रवाह बदलतात आणि खोलातलं कमी ऑक्सिजनचं पाणी उथळ भागात चढतं. त्यावर नद्यांच्या आणि पावसाच्या गोड्या, हलक्या पाण्याचं झाकण बसतं. वरची हवा खाली पोचत नाही. वरून मरून पडणारे सूक्ष्मजीव कुजत राहतात आणि उरलासुरला ऑक्सिजनही संपतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे नेमकं आत्ता, तळाजवळच्या पाण्यात तो उरतच नाही. मग जीवाणू नायट्रेट वापरतात आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा वायू मोठ्या प्रमाणात तयार होतो, जो तापमान वाढवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट भारी. नायट्रेटही सरलं की सल्फेटची पाळी, आणि परवा चोडणच्या चिखलात नाकाशी आलेला तोच हायड्रोजन सल्फाइड. हिवाळ्याच्या तोंडावर प्रवाह उलटतात आणि समुद्र पुन्हा श्वास घेतो.

हे चक्र निसर्गाचं. पण शेतांतली खतं आणि गावांचं सांडपाणी नद्यांतून समुद्रात येतं तेव्हा वर शेवाळ माजतं, आणि तेच खाली जाऊन कुजतं. किती टोकाला जायचं, यात आपला हात आहे. मी पाण्यात घोट्यापर्यंत उभी होते, लहान मुलं उड्या मारत होती, आणि समोरच्या क्षितिजाच्या अलीकडेच कुठेतरी मासा जगू शकणार नाही असं पाणी तळाशी पसरलं होतं. वरून काही म्हणजे काही कळत नव्हतं.

उतरत्या उन्हात दोना पावलाला गेलो. ती संस्था इथेच, १९६६ साली स्थापन झालेली. जेटीवर पर्यटकांची गर्दी, समोर जुवारीचं मुख आणि पलीकडे मुरगावचं टोक. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्यातूनच निघाली. आज ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र पलीकडे वास्कोतल्या सड्यावर आहे आणि तिथे उणे वीस अंशांत बर्फाचे दांडे जपून ठेवले आहेत. त्या बर्फातल्या बुडबुड्यांत जुनी हवा कोंडलेली असते.

अंटार्क्टिका इथून किती दूर वाटतं! पण अरबी समुद्राच्या त्या गुदमरलेल्या थराच्याही खाली, अगदी तळाशी, पुन्हा ऑक्सिजन सापडतो. तो तिथे वरून उतरलेला नाही. दक्षिण ध्रुवाभोवतीचं थंडगार, जड पाणी हवेतला ऑक्सिजन घेऊन बुडतं आणि तळातळाने शेकडो वर्षं सरपटत आपल्या समुद्रापर्यंत येतं. गोव्याच्या पश्चिमेला, हजारो मीटर खोल अंधारात एखादी गोगलगाय जगत असेल, तर ती अंटार्क्टिकाजवळच्या हवेवर.

पाचवा दिवस, मंगळवार : मये

बस दुपारी अडीचची. सकाळी काका म्हणाले, “चल, शेतात जाऊन येऊ,” आणि छत्री काठीसारखी टेकत पुढे चालू लागले. मयेला त्यांच्या भावाचं शेत आहे. भात निसवून दाणा भरत आला होता, लोंब्या वाकू लागल्या होत्या. बांधालगतचा एक चूड रात्रीच्या पावसात आडवा झाला होता. काकांच्या भावाने तो उपटून बाजूला टाकला.

मी तो उचलला आणि पाटाच्या पाण्यात मुळं धुतली. गाळ निघून गेला तरी ती तांबूसच राहिली. पुन्हा धुतली, बोटांनी चोळली. रंग जाईना. फक्त शेवटची कोवळी टोकं पांढरी होती. “पांढरी मुळी आहे अजून,” काकांचे भाऊ म्हणाले, “पीक जोमात होतं. वाया गेलं.”

पाण्याखालच्या शेतातही ऑक्सिजन नसतो आणि म्हणून तिथलं लोखंड विरघळलेलं असतं, त्या जुन्या समुद्रासारखं. भाताच्या काडीत वरपासून खालपर्यंत हवेच्या नळ्या असतात. पानातून आलेला ऑक्सिजन त्यांतून मुळांपर्यंत उतरतो आणि थोडा बाहेर झिरपतो. बाहेर पडताक्षणी तो लोखंडाला भिडतो, आणि मुळावर गंज चढतो. कोवळ्या टोकांवर तो चढायला अजून वेळ मिळालेला नसतो.

काकांनी खिशातून फरशीचा तो तुकडा काढला. माझ्या वर्गासाठी म्हणून त्यांनी तो दगडाबरोबर बांधून द्यायला घेतला होता. लाल रेघ अजून होती. मी मुळांचा झुबका तिच्या शेजारी घासला. हा डाग जरा पिवळट, विटकरी, त्या रेघेइतका लाल नव्हे. काका वाकून पाहत राहिले. मग त्यांनी आपल्या भावाला हाक मारली, “अरे, हांगा यो, बघ,” आणि दोघे म्हातारे बांधावर बसून तो फरशीचा तुकडा उन्हात इकडून तिकडे फिरवू लागले.